कापणीच्या आठवड्यात अंदाजाबरोबर आभाळही वाचा

पीक पिवळं पडलं, दाणा दाताखाली कडक लागू लागला, की आठवड्याचा हवामान अंदाज दिवसातून दहादा उघडून पाहिला जातो. त्यात गावाच्या नावापुढे ढगाचं चित्र, तापमान आणि पावसाची टक्केवारी असते. तेवढ्यावर सोंगणीचा दिवस ठरवू नका.

लहान गावाचा अंदाज बहुतेक वेळा संगणकाने आखलेल्या एका चौकोनाचा असतो. हा चौकोन दहा-वीस किलोमीटर रुंद असू शकतो आणि गडगडाटी सर त्यातल्या चार किलोमीटरवरच कोसळून जाते. म्हणून शेजारच्या शिवारात पाणी साचतं आणि आपल्या बांधावर धूळ उडते. अंदाज चुकला असं आपण म्हणतो, पण त्याने चौकोनाबद्दल सांगितलेलं असतं, आपल्या वावराबद्दल नाही.

टक्केवारीचाही घोळ होतो. 40 टक्के म्हणजे दिवसाचा 40 टक्के वेळ पाऊस नव्हे, आणि जोराचा पाऊसही नव्हे. अशी हवा असलेल्या दहा दिवसांपैकी साधारण चार दिवस पाऊस पडतो, एवढाच त्याचा अर्थ. किती पडेल ते मिलिमीटरच्या आकड्यात बघा. 1 मिमी पाऊस म्हणजे चौरस मीटरला 1 लिटर पाणी. 10 मिमी पडला तर एकरावर सुमारे 40 हजार लिटर पाणी येतं. कापून पसरलेल्या पिकाला यातलं थोडंसुद्धा पुरतं.

माझा रिवाज असा आहे. पहिल्या तीन दिवसांच्या अंदाजावर काम ठरवायचं, चौथ्या-पाचव्या दिवसासाठी मजूर आणि मळणीयंत्र सांगून ठेवायचं, पण पक्कं करायचं नाही. सहावा-सातवा दिवस नुसता नजरेखाली घालायचा. अंदाज सकाळ-संध्याकाळ पाहताना पावसाचा वार तोच राहतो की सरकतो, याकडे लक्ष द्या. दोन-तीन दिवस सलग तोच वार दिसत असेल, तर मी कापणी त्याच्या आधी उरकतो किंवा नंतरवर ढकलतो. त्या वारी पीक जमिनीवर आडवं नको.

आता आभाळ. ढगांची आजची नावं 1802 साली ल्यूक हॉवर्ड या इंग्रज औषधनिर्मात्याने मांडलेल्या वर्गवारीतून आली. सिरस म्हणजे केसांची बट, क्युम्युलस म्हणजे रास, स्ट्रॅटस म्हणजे थर, निम्बस म्हणजे पावसाचा ढग. जागतिक हवामान संघटना ढगांचे 10 मुख्य प्रकार मानते. कापणीच्या दिवसांत सगळ्यांची गरज नाही, पण राशीच्या ढगावर मात्र नजर बसलीच पाहिजे.

सकाळी दहा-अकराला ऊन तापलं की कापसाच्या बोंडासारखे क्युम्युलस उमलतात. त्यांचा तळ सुरीने कापल्यासारखा सपाट असतो, कारण वर जाणाऱ्या हवेतली वाफ एका ठरावीक उंचीवर थंड होऊन थेंब धरते. ढग उंचीपेक्षा रुंद असेल तर खुशाल काम करा. दुपारी एकच्या सुमारास तो रुंदीपेक्षा उंच झाला, कडा फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या टणक दिसू लागल्या, की नवीन कापणी थांबवा आणि कापलेलं गोळा करायला घ्या. माथ्याच्या कडा विरघळून केसाळ झाल्या, माथा ऐरणीसारखा पसरला, की तो क्युम्युलोनिम्बस झाला. वीज, गारा, वावटळी वारा सगळं त्याच्याच पोटात असतं.

तो जवळ येताना वाऱ्याकडे लक्ष द्या. आधी वारा ढगाच्या दिशेने ओढला जातो. मग पडतो, पानसुद्धा हलत नाही. आणि एकदम ढगाकडून गार झोत येतो, बहुधा ओल्या मातीचा वास घेऊन. तो झोत अंगावर आला की हाताशी काही मिनिटंच उरतात, तेव्हा ताडपत्री बांधायला गेलात तर ती हातातून उडेल. दोर आणि खुंट्या वारा पडण्याआधीच झाल्या पाहिजेत. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत 30 सेकंदांहून कमी वेळ लागला, तर वीज 10 किलोमीटरच्या आत आहे. पीक तिथेच सोडा आणि पक्क्या घरात जा. एकट्या झाडाखाली उभं राहू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वावरात परतू नका.

सकाळीच मधल्या उंचीवर एका ओळीत किल्ल्याच्या बुरुजांसारखे छोटे ढग दिसले, तर दुपारी गडगडाटाची शक्यता धरा. लहान ढगांची उंची ओळखायला हात लांब करून बोटं धरा. ढगाचा एकेक ठिपका एका बोटाआड लपला तर तो फार उंचावरचा सिरोक्युम्युलस, एक ते तीन बोटं लागली तर मधल्या उंचीवरचा अल्टोक्युम्युलस.

थरांचे ढग सावकाश येतात. नुसत्या सिरसच्या बटांना घाबरू नका. पण त्या दाट होऊन सूर्या-चंद्राला खळं पडलं, मग सूर्य दुधी काचेतून पाहावा तसा दिसून सावल्या नाहीशा झाल्या, तर संथ, लांबणारा पाऊस येऊ शकतो. अशा वेळी मळलेलं धान्य आधी छपराखाली न्या. उभं पीक एक-दोन दिवस थांबेल, खळ्यावरचं थांबणार नाही.

रात्र निरभ्र आणि वारा शांत असेल तर दव भरपूर पडतं. ते सुकेपर्यंत मळणी सुरू करू नका, दाणा सुटत नाही. अशाच शांत संध्याकाळी फवारणीही टाळा. थंड हवा जमिनीलगत साचते आणि बारीक थेंब तिच्यात तरंगत शेजारच्या पिकावर जातात.

एवढं करूनही पीक भिजलंच, तर ओल्या पेंढ्यांची गंजी लावू नका. एका वर्षी संध्याकाळच्या घाईत मी ती लावली. चौथ्या दिवशी कोपरापर्यंत हात आत घातला तर ऊन पाण्यात बुडवल्यासारखा लागला, आणि बाहेर काढला तेव्हा बोटांना बुरशीचा वास होता. पेंढ्या उभ्या करा, पाणी निथळू द्या, ऊन पडलं की उलटून पसरा. गंजी लावल्यावरही आठवडाभर रोज आत हात घालून पाहा. गरम लागली तर त्याच दिवशी मोडा.