सोफा घेताना कापडाखाली काय आहे ते पाहा

शोरूममध्ये गेल्यावर आपले लक्ष आधी सोफ्याच्या रंगाकडे आणि कापडाकडे जाते. सोफा किती वर्षे टिकणार हे मात्र कापडाखालचा सांगाडा, त्यावरचे पट्टे किंवा स्प्रिंग आणि बैठकीतला फोम या तीन गोष्टींवर ठरते, आणि नेमक्या याच गोष्टी झाकलेल्या असतात. आमच्या घरचा पहिला सोफा दिसायला देखणा होता. चौथ्या पावसाळ्यात त्याची मधली बैठक खचली आणि कारागिराने तळाचे काळे कापड उसवून दाखवले, तेव्हा आत ओल धरून फुगलेला पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा-तुकडे सरसाने दाबून केलेली पाटी, निघाला. तेव्हापासून मी कोणताही सोफा तळापासून पाहायला सुरुवात करते, आणि तुम्हीही तसेच करावे असे मनापासून सांगते.

सांगाड्यासाठी साग उत्तम, कारण तो ओलाव्याने फारसा फुगत नाही आणि वाळवीलाही सहजासहजी बळी पडत नाही. पण तो महाग आहे. शिसम जड आणि मजबूत असतो. रबरवुड स्वस्त आणि चांगले असू शकते, मात्र त्यावर रासायनिक प्रक्रिया झालेली नसेल आणि ते नीट वाळवलेले नसेल, तर त्याला भुंगा लागतो. चांगल्या प्रतीच्या जाड प्लायवूडचा सांगाडाही वाईट नसतो. जमिनीलगतच्या भागाला ओलावा सोसणारे प्लायवूड वापरले आहे ना, एवढे विचारून घ्यावे. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेली पाटी) यांचा सांगाडा मात्र मुंबई-कोकणाच्या दमट हवेत घेऊच नये, कारण या पाट्यांमध्ये एकदा ओल शिरली की स्क्रूची पकड सुटते. माहितीपत्रकावर ‘शिसम फिनिश’ असे लिहिलेले असेल, तर तो केवळ रंगाचा उल्लेख आहे, लाकडाचा नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

तळाचे कापड एका कोपऱ्यातून उघडून दाखवायला सांगावे. सांधे केवळ स्टेपल पिनांवर आहेत, की खाच पाडून, सरस आणि स्क्रू वापरून जोडलेले आहेत आणि कोपऱ्यांत तिकोनी ठोकळे बसवले आहेत का, हे तिथे दिसते. उघडून दाखवायला दुकानदार तयार नसेल, तर पुढचा एक पाय साधारण १५ सेंटीमीटर उचलून पाहावा. तोवर पुढचा दुसरा पायही जमिनीवरून उचलला गेला पाहिजे. तो तसाच टेकलेला राहिला, तर सांगाडा पिळवटतो आहे असे समजावे. बैठकीच्या गाद्या काढून खालच्या स्प्रिंगवर किंवा पट्ट्यांवर तळहाताने जागोजागी दाब द्यावा, म्हणजे कुठे करकर होते किंवा हात एकाच ठिकाणी जास्त आत जातो ते लगेच कळते.

सर्वाधिक फसगत फोमच्या बाबतीत होते. फोमची घनता म्हणजे एक घनमीटर फोमचे किलोतले वजन. दुकानात ‘चाळीस डेन्सिटी’ म्हणतात ते हेच. रोजच्या वापरातल्या बैठकीसाठी ती किमान ३२ आणि शक्यतो ४० असावी. पाठीला त्याहून हलका फोम चालतो. घनता आणि कडकपणा या वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामुळे हाताला घट्ट लागणारा फोमही हलक्या प्रतीचा असू शकतो आणि वर्षभरात बसू शकतो. यावर उपाय सोपा आहे: प्रवासाच्या बॅगा तोलायचा छोटा काटा बरोबर न्यावा, गादीची चेन उघडून आतला फोम बाहेर काढावा आणि तोलावा. ६० सेंटीमीटर लांब, तेवढाच रुंद आणि १२ सेंटीमीटर जाड फोम ४० घनतेचा असेल, तर तो सुमारे पावणेदोन किलो भरतो. जेमतेम एक किलो भरला, तर त्याची घनता २३च्या आसपास आहे. तुकडे चिकटवून केलेला रिबॉन्डेड फोम याहून बराच जड असतो, पण तो टणक असल्याने तळाच्या थराला ठीक, संपूर्ण बैठकीला नव्हे.

आरामाची परीक्षा घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला सोबत नेऊन करावी, आणि चपला काढून, निदान दहा मिनिटे बसून करावी. पाठ टेकलेली असताना तळपाय जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघ्यामागे बैठकीच्या कडेपर्यंत दोन-तीन बोटांची जागा उरली पाहिजे. बहुतेकांना ४३ ते ४५ सेंटीमीटर उंचीची आणि ५० ते ५५ सेंटीमीटर खोलीची बैठक सोयीची पडते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला फार खोल, मऊ सोफ्यातून उठणे हा रोजचा त्रास होतो, म्हणून हाताचा टेकू घट्ट आणि पुढपर्यंत आलेला असावा. घरात मांडी घालून बसायची सवय असेल, तर एखादी खुर्ची अधिक रुंद घ्यावी.

कापडाबाबत थोडक्यात सांगायचे, तर रोजच्या वापरासाठी २५,००० किंवा त्याहून अधिक मार्टिनडेल घर्षण-क्षमतेचे (म्हणजे चाचणीत तितक्या वेळा घासले तरी टिकणारे) विणीचे कापड घ्यावे आणि खोळी काढून धुता येतील असे पाहावे. स्वस्त लेदरेटचा, म्हणजे कृत्रिम चामड्याचा, पॉलियुरेथेनचा (एका प्रकारच्या प्लास्टिकचा) थर दमट हवेत कमकुवत होऊन पापुद्र्यांसारखा सुटतो, आणि तो पुन्हा चिकटवता येत नाही.

आपल्याकडे फरशी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते, याचा विचार परदेशी धाटणीच्या बुटक्या सोफ्यांत केलेला नसतो. सोफ्याचे पाय निदान १२ ते १५ सेंटीमीटर उंच असावेत, म्हणजे खाली झाडू फिरतो, ओल साचत नाही आणि वाळवीचा माग वेळीच दिसतो. पायांच्या तळाला रबरी बूच लावून घ्यावे.

पैसे देण्यापूर्वी लिफ्ट, जिन्याचे वळण आणि दाराची चौकट टेपने मोजून घ्यावी. बिलावर लाकडाचा प्रकार, फोमची घनता आणि कापडाचे नाव लिहून घ्यावे, आणि हमी सांगाड्यापुरतीच आहे की फोम खचला तरी लागू होते, हेही त्याच बिलावर नोंदवायला सांगावे.