एडी पोलिस बघायचंय? मग या क्रमाने बघा

रोबोट आणि पोलिस असलेलं ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) सुचवा म्हटलं की लोक सरळ घोस्ट इन द शेल हातात देतात, भारी आहे त्यात वादच नाही, पण तिथे केसेस जास्त करून हॅकिंग आणि राजकारणाच्या असतात. अँड्रॉइडने, म्हणजे माणसासारख्या रोबोटने, माणूस मारला, आता पोलिसांनी करायचं काय, हे बघायचं असेल तर सुरुवात एडी पोलिस फाइल्सपासून करा. १९९० चे तीनच एपिसोड आहेत, एका रात्रीत उरकतात. पण खून, रक्त, नागडेपणा सगळं आहे, त्यामुळे घरच्यांसोबत लावू नका.

ही बबलगम क्रायसिस नावाच्या दुसऱ्या ॲनिमेच्या आधीची गोष्ट, पण ते आधी बघायची गरज नाही. एवढंच लक्षात ठेवा की भूकंपानंतरचं मेगा टोकियो आहे, साल २०२७, जेनॉम नावाची कंपनी बूमर नावाचे रोबोट बनवते, ते अधूनमधून पिसाळतात आणि मग एडी पोलिस, म्हणजे त्यांच्यासाठीचं खास पोलिस पथक, येऊन त्यांना उडवतात. हीरो लिऑन नवखा आहे, पार्टनर जीना, तिचा एक हात कृत्रिम.

बघताना एक करा, गोळीबार सुरू झाला की स्वतःला विचारा, इथे आरोपी कोण धरलाय? मशीन, मालक, की बनवणारी कंपनी? अटक, चौकशी, कोर्ट यांचा जवळजवळ पत्ताच नाही, बूमर दिसला की संपवायचा, आणि जेनॉमच्या दारात कुणी जात नाही. हे पकडलंत की दुसरा एपिसोड वेगळाच दिसतो, कारण त्यात भुयारी रेल्वेत बायकांचे खून होतायत आणि संशय बूमरवरून सरकत सरकत शरीराचे अवयव बदलून घेतलेल्या माणसांवर येतो. (बाईने कृत्रिम अवयव घेतला की ती बिघडतेच, हा या सिरीजचा हट्ट मला पटत नाही, तेवढं चिमूटभर मीठ घालून बघा.) तिसरा सगळ्यात चांगला. एका पोलिसाचा फक्त मेंदू आणि जीभ उरलीय, बाकी सगळं मशीन, आणि काहीतरी जाणवावं म्हणून तो जीभ चावतो. हा एपिसोड झाल्यावर लगेच पुढचं काही लावू नका, थोडा वेळ जाऊ द्या.

नंतर आर्मिटेज द थर्ड, १९९५ चं. चार एपिसोडचं ओव्हीएच (थेट व्हिडिओवर आलेली सिरीज) बघा, १९९६ चा पॉली-मॅट्रिक्स पिक्चर नको, त्यात तेच चार एपिसोड कापून बसवलेत आणि तपासाचा वेग सगळा बिघडतो. इथे गणित उलटं आहे. मंगळावर एका गायिकेचा खून होतो आणि ती रोबोट निघते, म्हणजे मेलेलं रोबोट, मग याला खून म्हणायचं की मालमत्तेचं नुकसान? तपास करणारा रॉस रोबोटांवर खार खाऊन असलेला, पार्टनर रोबोटमुळे गेलेला, आणि स्वतःचा पाय मात्र यांत्रिक. आर्मिटेज ही त्याची नवी पार्टनर, तिच्याबद्दल आधी कुठे काही वाचू नका, विकी तर उघडूच नका.

तिसऱ्या नंबरला इनोसन्स, २००४, घोस्ट इन द शेलचा पुढचा पिक्चर. त्याआधी १९९५ चा घोस्ट इन द शेल पिक्चर बघून घ्या, नाहीतर यातला तपास करणारा बाटू एवढा गप्प का हे कळणार नाही. हळू आहे, लोक सारखे कोट मारत बोलतात, कंटाळा येऊ शकतो, तरी सुरुवातीचं ब्रीफिंग नीट ऐका: रोबोट बाहुल्यांनी मालकांना मारलंय आणि मेलेल्यांच्या घरच्यांनी कंपनीशी कोर्टाबाहेर तडजोड केलीय. एडी पोलिसमध्ये जो प्रश्न कुणी विचारत नव्हतं तो इथे पहिल्या पंधरावीस मिनिटांतच समोर येतो.

सगळ्यात शेवटी प्लूटो, २०२३, आठ एपिसोड, प्रत्येक साधारण तासाभराचा. इथे डिटेक्टिव्हच रोबोट आहे, युरोपोलचा (युरोपच्या पोलिस संस्थेचा) गेझिष्ट. माणूस मारलेला एक रोबोट, ब्राऊ १५८९, तुरुंगात तसाच अर्धवट ठेवलाय, आणि त्याच्या एआयमध्ये कुणालाच काही दोष सापडत नाही. गेझिष्ट त्याच्याशी बोलायला जातो तो सीन आला की फोन बाजूला ठेवा.

उरलं १९९९ चं बारा एपिसोडचं एडी पोलिस. नाव तेच पण लिऑन-जीनाची गोष्ट नाही, साधी पोलिस-पार्टनर स्टाईल आहे, वेळ असेल तरच लावा.