सेमिनरीत जायचंय? अर्जाआधीच या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की काही मुलं थेट पुण्याच्या नगर रोडला रामवाडीत जातात आणि पेपल सेमिनरीत, म्हणजे कॅथलिक धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेत, प्रवेशाची चौकशी करतात. ही सेमिनरी १८९३ साली श्रीलंकेत कँडीला सुरू झाली आणि १९५५ मध्ये पुण्यात आली. पण कॉलेजात नाव घालतात तसं तिथे नाव घालता येत नाही. तिथे शिकायला पाठवतात ते त्या त्या धर्मप्रांताचे (एका बिशपांच्या अखत्यारीतल्या भागाचे) बिशप. तुमची सुरुवात होते आपल्या धर्मग्रामाच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, फादरांपासून. ते तुम्हाला ओळखत नसतील तर शिफारस तरी कशाच्या जोरावर करतील? म्हणून निदान वर्षभर आधी त्यांच्याशी बोला.

बोलण्याआधी एक गोष्ट मनाशी स्पष्ट हवी: धर्मप्रांताचा धर्मगुरू व्हायचंय की धर्मसंघाचा, म्हणजे व्रतं घेऊन एकत्र राहणाऱ्या संघाचा? पहिला बिशपांच्या आज्ञेत राहण्याचं आणि ब्रह्मचर्याचं वचन देतो, दारिद्र्याचं व्रत घेत नाही. धर्मसंघीय आज्ञापालन, ब्रह्मचर्य आणि दारिद्र्य ही तिन्ही व्रतं घेतात आणि त्याआधी नवदीक्षितगृहात (नव्यांच्या तयारीच्या घरात) राहतात. येशूसंघात (जेझुइटांमध्ये) हा काळ दोन वर्षांचा असतो. दोन्हीकडे एकदम अर्ज करून ठेवणं ही हुशारी नव्हे. पुढच्या मुलाखतीत तेच अंगाशी येतं.

सगळ्यात जास्त अडतं ते कागदांवर. घरच्या कपाटातला बाप्तिस्म्याचा जुना दाखला चालेल असं गृहीत धरू नका, नवा काढा. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत पुढच्या नोंदी समासात होत जातात: दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार), लग्न, दीक्षा (धर्मगुरुपदासारख्या पदावर नेमणारा संस्कार). जुन्या कागदावर त्या कुठून असणार? त्यात आपल्याकडे बाळंतपण माहेरी होतं. बाप्तिस्मा आजोळच्या चर्चमध्ये, राहणं पुण्यात. मग पुण्याच्या वहीत नाव शोधून काय मिळणार? दाखला त्या आजोळच्या चर्चमधूनच काढावा लागतो. दृढीकरण दुसरीकडे झालं असेल तर त्याची खबर मूळ वहीपर्यंत पोचली आहे का, तेही विचारून घ्या. दृढीकरणाशिवाय दीक्षा नाही.

चर्चच्या दाखल्यावर एक नाव, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरं, आधारवर आडनाव वेगळं, हेही नेहमीचंच. नोंदवहीत खाडाखोड करायला कुणाला सांगू नका. दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असा खुलासा लेखी, पुराव्यासह जोडा.

लपवाछपवी मात्र मुळीच नको. आधी दुसऱ्या सेमिनरीतून किंवा संघातून काढलं असेल तर चर्चच्या कायद्यानुसार तिथल्या प्रमुखांचं पत्र लागतंच, विशेषतः का काढलं हे सांगणारं. बाहेर पडावं लागलं हा कलंक नाही. लपवलं तर मात्र विश्वास तुटतो. आजार, औषधं, डोक्यावरचं कर्ज, घरच्यांचा विरोध, सगळं सांगा. मानसशास्त्रीय चाचणीची धास्ती घेऊ नका. ती तुमच्या मोकळ्या, लेखी संमतीशिवाय होत नाही.

भाषेकडे दुर्लक्ष करू नका. पुण्यात ज्ञानदीप या चर्चच्या उच्चशिक्षण संस्थेत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान (थिऑलॉजी) इंग्रजीतून शिकवतात. मराठी माध्यमाचा मुलगा बुद्धीने कमी नसतो, पण पाठ्यपुस्तकाच्या पानापानावर अडतो आणि आपल्याला पाचारणच (देवाचं बोलावणंच) नाही अशी समजूत करून घेतो. अर्जाच्या आधीच्या वर्षात रोज एक पान इंग्रजी वाचून त्याचा सारांश लिहा. उलट इंग्रजी माध्यमाच्या मुलाला देवनागरी अडखळत वाचता येते. त्याने मराठी मिस्सेत (चर्चच्या उपासनेत) वाचन मागून घ्यावं. गावच्या धर्मग्रामात प्रवचन मराठीतच द्यायचं आहे.

वर्षांचा हिशेबही चुकतो. धर्मगुरूंच्या प्रशिक्षणाबद्दलच्या २०१६ च्या रोमच्या मार्गदर्शिकेप्रमाणे पूर्वतयारी एक ते दोन वर्षं. चर्चच्या कायद्याने तत्त्वज्ञान किमान दोन वर्षं, ईशज्ञान किमान चार. डीकनपदाला (धर्मगुरुपदाच्या आधीच्या पायरीला) वयाची किमान २३ वर्षं पूर्ण, त्यानंतर निदान सहा महिने थांबायचं, आणि धर्मगुरुपदाला २५ पूर्ण. वयात वर्षाहून जास्त सवलत बिशपही देऊ शकत नाहीत, त्यासाठी रोमची परवानगी लागते. घरच्यांना हे आकडे पहिल्याच दिवशी सांगा, म्हणजे तिसऱ्या वर्षी ‘अजून किती?’ असा तगादा लागणार नाही.

आणि दीक्षेच्या आधीचं निवेदन संगणकावर टाइप करून खाली सही ठोकू नका. आपण स्वखुशीने, मोकळ्या मनाने हे पद मागतो आहोत, हे स्वतःच्या हाताने लिहून द्यावं लागतं.