आयएचसी अहवालातील ‘हर-टू’ची ओळ कशी वाचावी

बीड, जालना, परभणीकडून स्तनाच्या गाठीच्या उपचारासाठी छत्रपती संभाजीनगरला येणाऱ्या रुग्णांच्या फाइलमध्ये बायोप्सीच्या कागदामागे ‘आयएचसी’ (गाठीच्या कापाला रंग देऊन पेशींतील ठरावीक प्रथिने शोधणारी तपासणी) हा वेगळा अहवाल असतो. त्यातील ईआर आणि पीआर या नोंदी संप्रेरकांविषयी, तर केआय-६७ ची टक्केवारी पेशींच्या विभाजनाच्या वेगाविषयी सांगते. या लेखात मात्र ‘हर-टू’ची ओळ पाहू.

हर-टू हे पेशीच्या आवरणात रुतलेले प्रथिन आहे. त्याची शेजारच्या तशाच प्रथिनाशी जोडी जमली की त्याचे आतले टोक जागे होते आणि वाढीचा निरोप टप्प्याटप्प्याने केंद्रकापर्यंत पोहोचतो. निरोगी पेशीत या प्रथिनाच्या जनुकाच्या दोनच प्रती असतात, त्यामुळे निरोप बेताने जातात; परंतु स्तनाच्या सुमारे १५ ते २० टक्के कर्करोगांत बहुधा या प्रती वाढल्यामुळे आवरणावर प्रथिनांची इतकी दाटी होते की जोड्या जमतच राहतात आणि पेशी थांबण्याचे नाव घेत नाही.

तपासणीत गाठीच्या पातळ कापाला असा रंग देतात की हर-टू असेल तेथे तपकिरी छटा उमटते. दहा टक्क्यांहून अधिक कर्कपेशींभोवती गडद, अखंड कडे दिसले, तर ३+ म्हणजे होकारार्थी. ० आणि १+ नकारार्थी. २+ ला मात्र अर्धा होकार समजू नये. तो निकाल अनिर्णित असतो आणि जनुकाच्या प्रती मोजणारी ‘फिश’ तपासणी झाल्याखेरीज त्यावर उपचार ठरवणे योग्य नाही, म्हणून ती सांगितली आहे का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

‘फिश’साठी मेणात बसवलेला गाठीचा मूळ तुकडा, म्हणजे ‘ब्लॉक’, लागतो. दुसऱ्या गावी जाण्यापूर्वी तो पहिल्या प्रयोगशाळेतून मागून घ्यावा, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात बंद गाडीत उन्हात मुळीच ठेवू नये. मेण मऊ पडते.

निकाल होकारार्थी आल्यास, अमेरिकेत १९९८ साली मान्यता मिळालेले ट्रास्टुझुमॅब हे औषध विचारात घेतले जाते. ते हर-टूच्या बाहेरच्या भागाला चिकटून निरोपाला अटकाव करते. हृदयाच्या स्नायूंनाही या प्रथिनाची गरज असल्याने पहिल्या सलाइनपूर्वी आणि नंतर ठरावीक काळाने टूडी-इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करावा लागतो. त्याचे जुने अहवाल तारखेनुसार त्याच फाइलमध्ये लावावेत.