लेकरू कुठं कुठं हात लावतं: पाहणीला जाताना

घरातली आणि शेतातली विषारी औषधं लहान लेकरांच्या अंगात कुठून कुठून जातात, याची पाहणी मी करते. पहिल्या वर्षी मी छापील फॉर्म घेऊन गेले होते. सेलू तालुक्यातलं गाव, ऑगस्ट महिना, कपाशी-सोयाबीनवर फवारण्या जोरात. पाचवा प्रश्न होता, "घरात कीटकनाशके आहेत काय?" एकामागून एक घर "नाही" म्हणत गेलं. मीही बावळटासारखी फुल्या मारत गेले. संध्याकाळी एका माळवदाच्या घरात चहा घेताना सहज वर बघितलं, तर देवळीत हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारी अर्धी भरलेली बाटली. लेबलवर जहाल विषाचा लाल त्रिकोण.

"काकू, हे काय?"

"ते व्हय? ते तर औषध हाय ना माय."

तो फॉर्म मी त्या रात्री फाडला. आपल्याकडं फवारायचं तेही औषध आणि खोकल्याचं तेही औषध. नुसतं "औषध कुठं ठेवता?" विचारलं, तर लेकराच्या तापाची बाटली पुढं येते. "फवारणीचं औषध" म्हटलं की शेतातलं तेवढं कळतं, घरातलं नाही. म्हणून आता मी किड्यांची नावं घेते. डासांना काय करता? मुंग्यांना? झुरळांना, ढेकणांना, उंदरांना, वाळवीला? म्हशीच्या गोचिडांना काय लावता? पोरीच्या उवांना? ज्वारीला सोंडे लागू नयेत म्हणून काय घालता? मग एकेक बाहेर येतं: कॉइल, खडू, गोचिडाच्या औषधाचं टोपण, वाळवीसाठी आणलेलं 'क्लोरो' (क्लोरपायरिफॉस), धान्यातल्या पारद टिकड्या, कपाटातल्या डांबरगोळ्या. पारद म्हणजे पारा, हे पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही. बाटली किंवा पाकीट दिसलं की त्रिकोणाचा रंग लिहून घ्या. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. लेबल फाटलेलं असेल तर तसंच लिहा, अंदाजानं नाव घालू नका. दुसऱ्या बाटलीत ओतून ठेवलेलं असेल तर त्याखाली दोन रेघा ओढा. बिहारच्या सारण जिल्ह्यात २०१३ साली शाळेच्या जेवणानं २३ मुलं गेली, ती तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळलेलं होतं म्हणून.

विचारपूस झाली की वही मांडीवर घ्या आणि खाली बसा. खुर्ची देतील, नको म्हणा. लेकराच्या डोळ्यांच्या उंचीवरून घर वेगळंच दिसतं. एक ते पाच वर्षांचं एक लेकरू धरा आणि सकाळी उठल्यापासून दुपारच्या झोपेपर्यंत त्याच्यामागं राहा. दर पाच मिनिटांनी तीन गोष्टी टिपायच्या: कुठं आहे, हात कशाला लागला, हात किंवा वस्तू तोंडात किती वेळा गेली. पहिला तासभर सगळं घर तुमच्याकडं बघत राहतं, लेकराला उगाच धुतलं-पुसलं जातं. तो तास हिशेबात धरू नका. "लेकराला लांबच ठेवतो" असं आई म्हणते ते खोटं नसतं. तिचं लांब म्हणजे दहा पावलं, आणि लेकराचं दहा पावलांचं जग म्हणजे अख्खं घर.

एक ताडपत्री सांगते. निळी, एका कोपऱ्याला ठिगळ. जूनमध्ये तिच्यावर सोयाबीनच्या बियाण्याला बीजप्रक्रिया झाली, लाल रंगाचं औषध हातानं चोळून. ऑगस्टमध्ये तीच अंगणात अंथरलेली, वर लाल मिरची, आणि मिरचीच्या कडेला सव्वा वर्षाचं लेकरू पालथं. ठिगळाच्या शिवणीत लाल भुकटी अजून होती. लेकरानं बोट शिवणीत घातलं, मग तोंडात. पाऊण तासात मी अकरा वेळा लिहिलं. कुठल्याही फॉर्मात "ताडपत्री" असा रकाना नव्हता. तेव्हापासून मी प्रत्येक घरात विचारते: पाल, ताडपत्री, पोतं, बादली, तराजू, यातलं काय शेतात जातं आणि घरातही येतं? बादली तर हमखास. सकाळी पंपात पाणी भरायला, दुपारी लेकराला अंघोळीला.

कापूस वेचून आला की दुसरी पाहणी करा. भाव चढेल म्हणून कापूस घरातच ठेवतात, कधी अर्धी खोली भरते, आणि लेकरं त्या ढिगावर उड्या मारतात, झोपतातही. अंगाला खाज, पुरळ आलं का, ते विचारा, पण कारण तुम्हीच ठरवू नका. तारीख आणि कपाशीवर शेवटची फवारणी कधी झाली, एवढं शेजारी-शेजारी लिहा.

नमुने घ्यायचे असतील तर आधी प्रयोगशाळा नक्की करा, मग गावात जा. काय तपासणार, किती नमुना लागतो, किती थंड ठेवायचा, हे त्यांनीच सांगायचं असतं. फरशीवर पुठ्ठ्याची ३० गुणिले ३० सेंटिमीटरची चौकट ठेवून आतली जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं ओलवलेल्या गॉजनं पुसतात. गॉज काचेच्या बाटलीत, झाकणाखाली ॲल्युमिनियम फॉइल, आणि बाटली बर्फाच्या पेटीत. सारवलेल्या जमिनीवर हे जमत नाही, गॉजला नुसतं शेण-माती लागते. तिथं धूळ झाडून बारीक चाळणीनं चाळून घ्या, आणि सारवण कधी झालं ते विचारा. नव्या थराखाली जुनी धूळ गाडली जाते. लेकराचे हात जेवणाआधी वेगळ्या गॉजनं पुसायचे. जेवणाचं जुळं ताट करायचं: लेकरानं जेवढी भाकर, जेवढं कोरड्यास, जेवढं वरण खाल्लं तेवढंच दुसऱ्या भांड्यात. यात आज्या फार पक्क्या असतात, घासही मोजून देतात.

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं २०००-०१ मध्ये नॉर्थ कॅरोलायना आणि ओहायोतल्या २५७ लहान मुलांची पाहणी अशीच केली होती. घर आणि पाळणाघर, ४८ तास, हवा, धूळ, माती, जेवण, हात, लघवी, सगळं. नॉर्थ कॅरोलायनातल्या मुलांच्या अंगात क्लोरपायरिफॉस सर्वांत जास्त खाण्यातून गेलेलं निघालं, त्याखालोखाल श्वासातून. म्हणून नुसती फरशी पुसून आलात तर अर्धंमुर्धंच हाती लागतं.

लघवीचा एकच नमुना फसवतो. मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरिफॉस अशा ऑरगॅनोफॉस्फेट औषधांचे अंश थोड्याच दिवसांत शरीराबाहेर जातात. फवारणीच्या आधी, दुसऱ्या दिवशी आणि आठवड्यानं, असे तीन घ्या, शक्यतो सकाळचा पहिला.

आणि कोरा नमुना विसरू नका. बाटली गावात न्यायची, उघडायची, काहीही न पुसता बंद करून परत आणायची. त्यात काही निघालं तर घाण तुमच्याकडून आली. माझ्याकडून आली होती. पेटी रात्रभर माझ्या खोलीत, उशाशी डासांचं लिक्विड चालू, सकाळी त्याच हातानं बाटल्या उघडल्या. कोऱ्या नमुन्यात तेच निघालं आणि आठ घरांचं काम वाया गेलं. त्या लेकरांना पुन्हा त्रास द्यायला जायची लाज वाटत होती, तरी गेले.

धुरासाठी छोटं यंत्र मिळतं. ते चुलीपाशी न ठेवता लेकराच्या बाजेच्या उंचीवर ठेवा. हवेतल्या बारीक कणांच्या (पीएम २.५) २४ तासांच्या सरासरीला आपल्या देशाची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची १५. कॉइलची रात्र वेगळी मोजा. २००३ च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघालेले बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे भरले होते.

संमतीपत्र वाचून दाखवा, आईला आणि घरातल्या कर्त्या बाईलाही. नमुना कुठं जाणार, निकाल कधी कळणार, मधेच "नको" म्हणता येतं, हे साध्या बोलीत सांगा. पैशाचं आमिष दाखवू नका. फ्लोरिडात २००४ मध्ये अशीच एक पाहणी ठरली होती. दोन वर्षांत ९७० डॉलरपर्यंत रक्कम आणि वर व्हिडिओ कॅमेरा. घरात फवारे वापरणारी कुटुंबं हवी होती, तेव्हा पैशासाठी गरीब माणसं फवारे चालूच ठेवतील, असा ओरडा झाला. एप्रिल २००५ मध्ये ती रद्द झाली. तिथला वाद वाचून मी एक नियम केला: जीवावरचं काही दिसलं तर आधी लेकरू, मग वही. देवळीतली बाटली त्याच वेळी खाली उतरवून कुलपात ठेवायला लावायची. लाळ, घाम, उलट्या आणि टाचणीएवढ्या झालेल्या बाहुल्या दिसल्या तर १०८ ला फोन करायचा, बाटली सोबत द्यायची. नोंद बिघडली तर बिघडू द्या.

निकाल घेऊन घरी परत जा. कागद पोस्टानं पाठवू नका. त्या ताडपत्रीच्या घरी मी पुढच्या ऑगस्टमध्ये गेले, तर कोपऱ्याला लाल चिंधी बांधलेली. आजी म्हणाली, "ही शेताची. मिरचीची वायली घेतली." मिरची खरंच दुसऱ्या पालावर होती. तेवढ्यात धाकटं रांगत गेलं आणि चिंधीच चघळायला लागलं. मी त्याला उचललं, हात-तोंड धुतलं, मग वहीत वेळ टाकली.