ग्लुकोज पेंटाअ‍ॅसिटेट: पुढची स्टेप लावायच्या आधी अल्फा की बीटा ते बघा

शुगर केमिस्ट्रीच्या प्रोजेक्टमध्ये पहिलं काम बहुतेक हेच मिळतं, ग्लुकोजचे पाचही ओएच अ‍ॅसिटाइल करून (म्हणजे त्यांचे अ‍ॅसिटेट करून) पेंटाअ‍ॅसिटेट बनवून आण. बारावीत आपण हे पाठ केलेलंच असतं: पाच ओएच असल्याचा पुरावा, आणि हायड्रॉक्सिलअमाइनशी रिअ‍ॅक्ट होत नाही म्हणजे मोकळा अल्डिहाइड नाही. पण अल्फा का बीटा (पहिल्या कार्बनवरचा ग्रुप कुठल्या बाजूला आहे त्यावरून पडणारे दोन प्रकार) हे तिथे कोणी विचारत नाही, आणि सगळा घोळ त्यातच आहे.

दोन्हींचं मॉलिक्युलर वेट ३९०.३४, दोन्ही पांढरे, पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, क्लोरोफॉर्ममध्ये लगेच विरघळतात. टीएलसीवर (प्लेटवर पदार्थ वेगळे करून बघायची टेस्ट) बऱ्याचदा एकच स्पॉट वाटतो (यूव्हीखाली तर काहीच दिसत नाही, घाबरू नका, सल्फ्युरिक अ‍ॅसिडच्या डिपमध्ये बुडवून तापवा, काळा येतो).

सिनियर म्हणतात झिंक क्लोराइड नाहीतर आयोडीन टाक, पटकन होतं. होतं की! पण मिळतो तो मुख्यतः अल्फा. बीटा हवा तर निर्जल सोडियम अ‍ॅसिटेट आणि अ‍ॅसिटिक अनहायड्राइड, वॉटर बाथवर दोन-अडीच तास. त्या गरमीत ग्लुकोजचे दोन्ही फॉर्म एकमेकांत बदलत राहतात आणि बीटाचा ओएच जास्त पटकन अ‍ॅसिटाइल होतो, म्हणून सगळं हळूहळू तिकडे सरकतं. सोडियम अ‍ॅसिटेट बाटलीतलं ट्रायहायड्रेट असेल तर वितळवून सुकवून घ्या, त्याच्या वजनात जवळपास ४० टक्के पाणीच असतं आणि ते तुमचं अनहायड्राइड खातं. हे अनहायड्राइड एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखाली नियंत्रित आहे, रजिस्टरवर सही करून मिळतं, तेव्हा उधळू नका.

फरक कुठे पडतो? बोरॉन ट्रायफ्लोराइड घालून अल्कोहोल किंवा फिनॉल जोडायला गेलात की. बीटामध्ये पहिल्या कार्बनवरचं अ‍ॅसिटेट सुटताना दुसऱ्या कार्बनवरचं अ‍ॅसिटेट विरुद्ध बाजूने येऊन आधार देतं, म्हणून रिअ‍ॅक्शन चालते आणि प्रॉडक्टही बीटा मिळतो. अल्फामध्ये दोन्ही एकाच बाजूला, आधार नाही, मग ते ढिम्म बसून राहतं. मी यातच अडकले होते, कॅटलिस्ट वाढवत होते, सॉल्व्हंटला शिव्या देत होते आणि फ्लास्कमध्ये न रिअ‍ॅक्ट झालेला अल्फा तसाच पडून. गाइडला विचारलं तर ते म्हणणार ‘सॉल्व्हंट ड्राय करा’, गाइड लोकांचं प्रत्येक गोष्टीवर हेच उत्तर असतं असं माझं मत आहे.

आणि तपासायला लागतं काय, एक कॅपिलरी (मेल्टिंग पॉइंट बघायची बारीक काचेची नळी). बीटा १३०-१३२ अंशांना वितळतो, अल्फा साधारण १०९-१११ ला. रेंज लांबलचक आली तर ‘थोडं इम्प्युअर असेल’ म्हणून पुढे जाऊ नका, मिश्रण असू शकतं. एनएमआर (रेणूतले हायड्रोजन ओळखायचं मशीन) मिळत असेल तर पहिल्या कार्बनचा प्रोटॉन बघा: बीटाचा डब्लेट (दोन टोकांचा सिग्नल) ५.७ पीपीएमच्या आसपास, कपलिंग (त्या दोन टोकांमधलं अंतर) ८ हर्ट्झ, अल्फाचा ६.३ ला आणि ४ च्याही आत. विकतच्या बाटलीवर नुसतं ‘पेंटाअ‍ॅसिटेट’ लिहिलेलं असेल तर तिचंही हेच करा.

एचबीआर (हायड्रोजन ब्रोमाइड) घालून ब्रोमाइडच बनवायचा असेल, म्हणजे १९०१ पासून चालत आलेला कोनिग्स-क्नॉर रस्ता (आधी ब्रोमाइड, मग त्याला अल्कोहोल जोडायचं), तर एवढं टेन्शन नाही, दोन्हींपासून शेवटी अल्फा ब्रोमाइडच मिळतो, बीटा फक्त लवकर जातो.

अ‍ॅसिटाइल करून झाल्यावर मिश्रण बर्फाच्या पाण्यात ओतलं आणि चिकट गोळा झाला तर फेकू नका, ढवळत राहा, काचेच्या रॉडने घासा, घट्ट होतो. मग गरम इथेनॉलमधून रीक्रिस्टलाइझ करा.