जोतिबाचा गुलाल कागदावर उतरवण्याआधी

चैत्र यात्रा होऊन गेली, सासनकाठ्या गावोगाव परतल्या, कॅमेऱ्याच्या पट्ट्यातनं गुलाल मात्र अजून झडतोय. आता निवडक फोटो मोठे प्रिंट करून कोल्हापुरातल्या शाहू स्मारकच्या कलादालनात लावायचे आहेत. अशा वेळी फाइल थेट प्रिंट काढणाऱ्या लॅबला पाठवायचा मोह होतो. त्याआधी पडद्यावरचा आणि कागदावरचा रंग जुळवायच्या तयारीला दोन संध्याकाळी द्या.

सुरुवात खोलीपासून. खिडकीचा उजेड कॉम्प्युटरच्या पडद्यावर पडत असेल तर अडवा. पाठीमागची भिंत भगवी किंवा पोपटी असेल तर तिच्यावर राखाडी नाहीतर पांढरी चादर टाका, अंगातला लाल टी-शर्टही बदला. त्याचा रंग पडद्यावर पडतो आणि डोळा फसतो. प्रिंट बघायला टेबलावर वेगळा दिवा हवा, ५००० केल्विनचा (म्हणजे दिवसासारख्या पांढऱ्या उजेडाचा) आणि सीआरआय, म्हणजे रंग खरे दाखवण्याचा आकडा, ९० च्या वर असलेला. खोक्यावर हे आकडे छापलेले नसतील तर तो दिवा घेऊ नका.

मग पडदा. किमान अर्धा तास चालू राहू दे. नाइट लाइट, ऑटो ब्राइटनेस, मॉनिटरचे ‘व्हिविड’ वगैरे मोड सगळे बंद. पडद्याचे रंग मोजणारं यंत्र, म्हणजे कलरीमीटर, विकत घेणं परवडत नसेल तर चार फोटोग्राफरांनी मिळून एक घ्या. महिन्यातनं एकदाच लागतो. त्याच्या मापाने पडदा जुळवायला, म्हणजे कॅलिब्रेट करायला, डिस्प्लेकॅल हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात व्हाइट पॉइंट (पांढऱ्याची छटा) ६५०० केल्विन, गॅमा (मधल्या छटांचा उजळपणा) २.२ आणि पडद्याचा उजेड १०० कँडेला प्रति चौरस मीटरच्या आसपास ठेवा, अंधाऱ्या खोलीत ८० सुद्धा चालेल. हा शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. ‘प्रिंट काळी मारतेय’ म्हणून मी एका लॅबवाल्याशी तावातावाने भांडलो होतो. घरी येऊन मोजलं तर माझा पडदा २५० च्या पुढे जळत होता. फोटो मीच अंधारा करून पाठवला होता. रंगांवरून होणाऱ्या भांडणांतली निम्मी भांडणं खरं तर ब्राइटनेसची असतात, असं माझं मत तेव्हापासून झालंय.

लॅपटॉपवर काम करणाऱ्यांनी एक तपासून घ्यावं. स्पेसिफिकेशनमध्ये ४५ टक्के एनटीएससी (रंगांच्या आवाक्याचं एक जुनं माप) लिहिलं असेल, तर तो पडदा एसआरजीबी या नेहमीच्या रंगसंचातले साधारण ६० टक्केच रंग दाखवतो. जो रंग पडद्याला दाखवताच येत नाही, तो कॅलिब्रेशन करून येणार नाही.

आता गुलाल. त्या गुलाबी रंगात लाल चॅनेल (फोटोतला लाल रंगाचा थर) फार लवकर २५५ या कमाल आकड्याला टेकतो, आणि गुलालाची भुकटी, कपाळावरचा घाम, दाढीतले कण सगळं जाऊन एक सपाट गुलाबी डाग उरतो. म्हणून फक्त सगळ्या रंगांचा एकत्र हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघून भागत नाही, लाल चॅनेल वेगळा उघडून बघा. रॉ (कॅमेऱ्याची कच्ची) फाइल असेल तर सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, वाढवायच्या ऐवजी थोडं उतरवा, रंग जीव धरूनच राहतो. त्यानंतर लॅबकडून त्यांच्या कागदाचा प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल) मागून घ्या आणि फोटोशॉपमध्ये सॉफ्ट प्रूफ, म्हणजे प्रिंट कशी दिसेल त्याची पडद्यावरची झलक, लावा. गॅमट वॉर्निंग (आवाक्याबाहेरच्या रंगांचा इशारा) चालू केलीत की गुलालाचा भाग राखाडी होईल; घाबरू नका, एवढा रंग कागदाच्या आवाक्याबाहेर आहे एवढाच त्याचा अर्थ. असे रंग आवाक्यात आणायची पद्धत, म्हणजे रेंडरिंग इंटेंट, ‘रिलेटिव्ह’ ठेवला तर आवाक्याबाहेरच्या छटा काठावर एकमेकींवर चेपल्या जातात. ‘पर्सेप्च्युअल’ सगळ्यांना थोडं थोडं आत सरकवतो, त्यामुळे छटांमधला फरक टिकतो. गुलालाच्या फोटोला मी बहुतेक वेळा पर्सेप्च्युअल निवडतो. खोबऱ्याच्या वाट्या आणि पांढरे फेटे असलेल्या फोटोला रिलेटिव्ह, ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन (काळ्या भागातले बारकावे राखणारा पर्याय) चालू ठेवून. लॅब प्रोफाइल देत नसेल तर एसआरजीबीत फाइल द्या आणि ‘ऑटो करेक्शन नको’ हे ऑर्डरवर लिहूनच द्या.

घरचा इंकजेट वापरत असाल तर आधी नोझल चेक, म्हणजे शाईच्या बारीक छिद्रांची तपासणी पट्टी, काढा. एप्रिलच्या उन्हात नोझल सुकतात, आणि एक रेघ तुटलेली असेल तर पुढची सगळी मोजदाद वाया. प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार बरोबर निवडा. रंग फोटोशॉप सांभाळणार असेल तर ड्रायव्हरमधलं कलर मॅनेजमेंट बंद करा. दोघांनी सांभाळला की चेहरे लालभडक मारतात. स्वतःचा प्रोफाइल बनवायचा तर कलरीमीटर उपयोगाचा नाही, छापलेला रंग मोजणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर लागतो. रंगाच्या चौकटींचा तक्ता छापल्यावर एक दिवस वाळू द्या, मग मोजा. पावसाळ्यात हेच काम निघालं तर कागद सिलिका जेलच्या पुडीसकट बंद पिशवीत ठेवा. जुलैतल्या आपल्या हवेत उघडा कागद वाकतो आणि प्रिंट हेडला घासतो.

शेवटी पोस्टकार्डाएवढे तीन टेस्ट प्रिंट काढा: एक गुलालाचा, एक सावळ्या चेहऱ्याचा, एक नुसत्या राखाडी पट्टीचा. राखाडी पट्टी हिरवट किंवा गुलाबी दिसली तर प्रोफाइल चुकलाय, बाकीचे दोन बघायचीही गरज नाही. पट्टी नीट आली असेल तर तिन्ही खिशात घालून दसरा चौकात, शाहू स्मारकला जा आणि जिथे फोटो लागणार त्याच भिंतीला, त्याच दिव्याखाली धरून बघा. दिवा पिवळा असेल तर गुलाल शेंदराकडे झुकतो. तसं दिसलं तर आधी दिवा बदलून मिळतो का ते विचारा, फाइलला नंतर हात लावा.